क्रुसाजवळचे कच्चे चणे

फोर्ट, मुंबई
सोमवार, १७ मे १९५४

इनेझ,

काल रविवारच्या मिसेची प्रार्थना संपल्यावर तू देवळाच्या दारातूनच पॉलिनचा हात धरलास आणि तुझ्या भावाच्या बैलगाडीत बसून वटारला निघून गेलीस. मला वाटलं, आईला भेटून संध्याकाळपर्यंत परत येशील. संध्याकाळी तू नाहीस, तुझ्या भावाचा, व्हिन्सेंटचा गडी आला, तुझे आणि पोरीचे कपडे मागायला. मी त्याला कपाट उघडून दिलं. दुसरं काय करणार? त्याने तुझ्या साड्या घडी मोडेल अशा पिशवीत कोंबल्या, तेव्हा मात्र मी त्याला ओरडलो.

वाडीत मी सांगितलंय की शाळेला मे महिन्याची सुट्टी आहे, म्हणून मायलेकी आजोळी गेल्यात. माणसं "हो का" म्हणतात आणि पुढे जाऊन हसतात.

वटार काही परदेशात नाही, सायकलवरून मी सहज आलो असतो. पण तुझ्या भावाच्या अंगणात उभं राहून चारचौघांत बोलणं मला जमायचं नाही. केळभाटातून पत्र टाकावं तर आपला पोस्टमन पाकीट उजेडाला धरून वाचतो. म्हणून ऑफिसातून लिहितोय. साहेब जेवायला गेलाय.

मला एकच विचारायचंय. झालं काय एवढं?

पंचायतीची निवडणूक आली तेव्हा बाईसाठी एक जागा राखून ठेवली होती आणि केळभाटातली एकही बाई उभी राहायला तयार नव्हती. तुझं नाव कोणी दिलं? मी. तू तर म्हणालीस, "मला नको, चार पुरुषांत मी काय बोलू?" मी म्हणालो, बोलायचं कशाला, सभेत बसायचं आणि मी घरून सांगेन तिथे हात वर करायचा. आणि तू पहिल्याच सभेत, मी सांगितलं नव्हतं तिथे हात वर केलास. तरी मी काही बोललो नाही. दोन दिवस जेवताना गप्प बसलो, ते सोड.

मग विहिरीचं निघालं. सरकारकडून एका सार्वजनिक विहिरीची मंजुरी आली. अख्ख्या वाडीला मी शब्द देऊन बसलो होतो की विहीर आपल्या वाडीच्या क्रुसाजवळच होणार, माझीच बायको पंचायतीत आहे. आणि तू म्हणतेस, विहीर आगरवाडीत झाली पाहिजे, मिठागराच्या कडेला! आपल्या लोकांनी मतं दिली तुला, आणि पाणी द्यायचं आगऱ्यांना. मी स्टेशनवर तोंड लपवत फिरतोय.

शनिवारी क्रुसापाशी आपल्या घरच्या पाळीची लदीनीची प्रार्थना होती आणि त्याच संध्याकाळी पंचायतीची सभा निघाली, हा काही माझा दोष नाही. दोन्ही एका दिवशी येतील हे माझ्या लक्षात राहिलं नाही. तू सभेला गेलीस. वर्षातून एकदा आपली पाळी येते, सगळी वाडी मेणबत्त्या घेऊन क्रुसापुढे गुडघे टेकून बसलेली, आणि यजमानीण गायब. लदीन झाली की चणे वाटायचे कुणी? उकडायचे तरी कुणी? मी उकडले. ऑफिसातून लवकर सुटून आलो, घरातला सगळ्यात मोठा टोप चुलीवर चढवला आणि चणे उकडले. चणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात हे मला कधी कुणी सांगितलं होतं?

लदीन संपली. मी वाटत फिरलो. आल्बिनाआत्याने मूठभर तोंडात टाकले आणि तिचा दात हलला. "अरं फेबियन, हे चने हायत का खडे?" असं ती सगळ्यांदेखत ओरडली. पोरांनी ते चणे गोट्यांसारखे एकमेकांना फेकून मारले. पवित्र क्रुसापुढे! मग आत्याने विचारलं, इनेझ कुठे आहे. त्यावर मी एक वाक्य बोललो. एकच. रागाच्या भरात माणूस बोलतो. ते तुझ्यापर्यंत कोणी आणि कसं तिखटमीठ लावून पोचवलं मला ठाऊक नाही.

पॉलिनचा खोकला कसा आहे? ये आता परत.

फेबियन


केळभाट
शनिवार, २२ मे १९५४

प्रिय इनेझ,

पत्र पोचलं असणार. उत्तर नाही. ठीक आहे.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी येऊन पाय धुतोय, तोच अंगणात सायकलची घंटा. बर्नार्ड. पानवेलीवाला, तुझ्या पंचायतीतला तुझा सोबती. स्वच्छ सदरा, भांग पाडलेला, आणि सायकलला पानांचा करंडा. या माणसाची बायको जाऊन तीन वर्षं झाली, आणि हा अजून रोज सणाला निघाल्यासारखा दिसतो. मी बायको असून असा दिसत नाही.

"इनेझबाई आहेत का?" म्हणाला. मी म्हणालो, नाहीत. "कधी येतील?" मी म्हणालो, येतील. मग तो ओट्यावर बसला. कुणी बस म्हटलं नव्हतं. घरात बाई नाही म्हणून चहा विचारू नये असं थोडंच आहे, म्हणून मी विचारला. तर म्हणाला, "चालेल. साखर नको. इनेझबाईंनी उपवासकाळात साखर सोडली आणि नंतरही घेतली नाही, तेव्हापासून मीही सोडून बघितली. बरं वाटतं."

इनेझ, तू साखर सोडलीस? कधी? ईस्टर होऊन महिना उलटला. मी रोज तुझ्या समोर बसून चहा पितो आणि तुझ्या कपात साखर नाही हे मला बर्नार्डकडून कळावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला बिनसाखरेचा चहा दिला आणि माझ्या कपात साखर जास्त घातली. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तो विहिरीचंच बोलत राहिला. बाईंना भेटणं जरुरीचं आहे, जागेवरून अजून बोलायचं बाकी आहे, असं चार वेळा म्हणाला. अजून बोलायचं काय बाकी आहे तुमचं? दर सभेनंतर तो सायकल हातात धरून तुझ्याबरोबर आपल्या फाटकापर्यंत चालत येतो, तेव्हा काय मुक्याने येतो?

आणि त्याचा तो आवाज! लदीन म्हणताना त्याचा खर्ज लागला की बायका डोळे मिटतात. तूही मिटतेस. मी बघितलंय.

तो गेला तर काल आगरवाडीतली सत्यवती आली. डोक्यावर रिकामा हंडा. ती दारातूनच म्हणाली, "बाय हाय का घरान?" मी म्हणालो, नाही. "कवा येनार? बायला सांगा, तिनं सांगितलेलं ते मी केलंय. पानी भरून ठेवलंय." कसलं पाणी, म्हणून विचारलं तर मला वरून खाली बघून म्हणाली, "ते बायलाच सांगीन." माझ्या घराच्या दारात उभी राहून! मग जाता जाता म्हणाली, "बाय आमच्याकडं आली का मांडी घालून बसतं, आमच्या पोरींना गानं शिकवतं. लय हसवतं."

तू हसवतेस? कुणाला? घरी तू मला जेवण वाढतेस, गाडीची शिट्टी झाली की टोपी हातात देतेस, आजारी पडलो तर उशाशी बसतेस. मी तक्रार करत नाही. पण हसवलंस असं मला आठवत नाही. मी किती आठवून बघितलं.

बाकी, घर नीट आहे. कोंबड्या आत्या सांभाळते. तिचा दात पडला.

एक गोष्ट आधीच्या पत्रात सरळ लिहिली नव्हती, ती लिहितो, कारण कैतानची बायको ती तुला कधीतरी सांगेलच. आपली लदीन दरवर्षी वीस तारखेला असते. तू वीस तारीख धरूनच चणे आणून ठेवले होतेस. मी कैतानकडे जाऊन पाळी बदलून घेतली आणि पंधरा घेतली, तुझ्या सभेच्याच दिवसाची. त्याने कारण विचारलं नाही, कारण विहीर क्रुसाजवळ व्हावी हे त्यालाही हवं आहे आणि तो पंचायतीत आहे. मला वाटलं, घरची लदीन सोडून तू सभेला जाणार नाहीस. पंचायतीची बाई होण्याआधी तू या घरची बाई आहेस, एवढंच मला बघायचं होतं. बघितलं.

फेबियन


केळभाट
गुरुवार, २७ मे १९५४

इनेझ,

आज मी ऑफिसला दांडी मारली आणि सायकल काढून वटारला आलो होतो. तुला ठाऊक नाही, कारण मी तुझ्या घराच्या कुंपणापर्यंत आलो आणि तिथून परत फिरलो.

कुंपणाला बर्नार्डची सायकल टेकवलेली होती. तीच, मागे पानांच्या करंड्याची दोरी असलेली. आतून तुझा आवाज येत होता. मोठ्याने बोलत होतीस. मग तो बोलला. मग तू पुन्हा. मी केळीच्या आड उभा राहिलो, चोरासारखा, माझ्याच सासुरवाडीच्या कुंपणापाशी. पॉलिन अंगणात खेळत होती. तिने मला बघितलं नाही. बघितलं असतं तर "पप्पा" म्हणून ओरडली असती आणि मग मला आत यावं लागलं असतं. मी येताना तिच्यासाठी बिस्किटं आणली होती ती परत घेऊन आलो आणि रस्त्यात खाल्ली.

म्हणजे नवरा पत्रं लिहितोय त्याला उत्तर नाही, आणि बर्नार्ड सायकलवर येतो त्याच्याशी तास तास बोलणं आहे. आईच्या देखत! तुझ्या भावाने त्याला अंगणात घेतलं कसं? मी आलो असतो तर मला घेतलं असतं का?

मग ऐक. क्रुसापुढे मी जे बोललो ते मी परत घेत नाही. आत्याने विचारलं, "इनेझ कुठंय?" आणि मी म्हणालो, "बर्नार्डच्या मांडीला मांडी लावून बसलीय, तिथे जाऊन विचार." हेच माझं वाक्य. तिखटमीठ कुणी लावलं नाही. हातात पेटती मेणबत्ती होती, समोर क्रूस होता, सगळी वाडी होती. सगळ्यांनी ऐकलं. दोघीतिघी हसल्या. आणि आज मी ते डोळ्यांनी बघितलं.

तेव्हा आता निवड कर. पंचायत की घर. पाच जूनला पुढची सभा आहे असं फळ्यावर लावलंय, त्यात विहिरीची जागा पक्की होणार. त्या सभेला तू गेलीस तर केळभाटच्या घरी यायचं कारण नाही. मी तुला उभं केलं होतं, मीच आता खाली बस म्हणतोय.

हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर टाकणार नाही.

फेबियन


फोर्ट, मुंबई
मंगळवार, १ जून १९५४

प्रिय इनेझ,

काल दुपारी व्हिन्सेंट ऑफिसात आला होता. भाजीच्या दलालाकडे काम होतं म्हणाला, पण मला भेटायलाच आला असणार. सगळ्या कारकुनांच्या देखत तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला, डोक्यावरची टोपीही न काढता. मी त्याला खाली इराण्याच्या हॉटेलात घेऊन गेलो. त्याने चहाला हात लावला नाही.

म्हणाला, "फेबियन, गुरुवारी तू कुंपणापर्यंत आला होतास. गड्याने बघितलं." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग म्हणाला, "बर्नार्ड कशाला आला होता ते तरी विचार."

मी विचारलं. तुझ्या भावाने सांगितलं ते असं: बर्नार्डच्या कानावर माझं वाक्य गेलं होतं. तो पंचायतीचा राजीनामा द्यायला निघाला होता, म्हणजे तुझ्यावर चिखल नको. तेच तुला सांगायला तो आला होता. आणि तू त्याच्यावर ओरडलीस. मी ऐकलं ते ओरडणं तेच. तू म्हणालीस, "तुम्ही राजीनामा दिलात तर त्यांनी म्हटलं ते खरं होईल. गुमान पंचायतीत बसा." आणि मग विहिरीवरून तुम्ही दोघं पुन्हा भांडलात.

व्हिन्सेंट निघाला आणि मी बसून राहिलो. इनेझ, माझं मन किती वाईट आहे ते बघ. आधी मला हायसं वाटलं. मग लगेच पोटात दुखायला लागलं, की राजीनामा देऊन तुझी अब्रू राखावी हे त्याला सुचलं. मला नाही सुचलं. मला काय सुचलं तर पंचायत की घर. चांगुलपणातसुद्धा हा माणूस माझ्या पुढे निघून जातो.

कालच मरियेच्या महिन्याचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी क्रुसापाशी मोठी लदीन होती. मी मनाशी ठरवून गेलो होतो की सगळ्यांसमोर बोलायचं, जिथे बोललो तिथेच ते परत घ्यायचं. लदीन बर्नार्ड म्हणत होता. त्याचा आवाज लागला, लोक मागून उत्तर देत होते, आणि मी वाट बघत होतो कधी संपतं. संपल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, रागाने नाही. मी उठून एक पाऊल पुढे आलो. आल्बिनाआत्या म्हणाली, "बोल की, त्या दिसाला तर लय बोललास." मी मेणबत्ती विझवून घरी आलो.

सत्तावीस तारखेचं पत्र तुला मिळालं असेल. ते मी लिहिलं हे खरं आहे. सभेला जा. जाऊ नकोस म्हणायला मी कोण, तू मला विचारून हात वर करत नाहीस हे मला पहिल्या सभेपासून ठाऊक आहे. पण मग घरी ये. घराला कुलूप लावणार नाही.

फेबियन


फोर्ट, मुंबई
गुरुवार, १० जून १९५४

सौ. इनेझ,
सभासद, ग्रामपंचायत केळभाट, यांस

हे पत्र तुला आपल्याच घरी मिळेल. पोस्टमन हसेल. हसू दे.

शनिवारच्या सभेला तू होतीस, मी तुला काय सांगणार. पण मागच्या बाकावरून काय दिसतं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

मी आधीच जाऊन बसलो होतो, लोकांच्या मागे, भिंतीला लागून. तू आलीस ती आगरवाडीच्या बाजूने. म्हणजे वटारहून तू सरळ तिकडे गेली होतीस. सत्यवती तुझ्या मागे, तिच्या हातात झाकलेला तांब्या आणि पेले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तुझ्या अंगावर ती निळी साडी होती जी मला आवडते, आणि ती तू माझ्यासाठी नेसली नव्हतीस. तू आत आलीस तशी माणसं सरकली, बायका पुढे झाल्या, सरपंचांनी खुर्चीतून हलून "या इनेझबाई" म्हटलं. मी तुझा नवरा आहे आणि मला तुझ्याकडे असं बघायला जागा फक्त भिंतीजवळ होती. माझा जळफळाट झाला, आणि तो बर्नार्डवर नव्हता. त्या सगळ्या गर्दीवर होता.

मग कैतान उठला. क्रुसाजवळच्या जागेबद्दल त्याला धड दोन शब्द बोलता येईनात, तेव्हा तो म्हणाला, "आगरवाडीची अक्कल बाईंना कुठून आली ते गावाला ठाऊक आहे. मांडीला मांडी लावून बसल्यावर येते." लोक हसले. माझं वाक्य. माझ्या तोंडातून निघालेलं, त्याने उचलून तुझ्या तोंडावर मारलं. मी ते क्रुसापुढे म्हणालो तेव्हा तू नव्हतीस. शनिवारी तू होतीस, आणि मी तुझी मान बघत होतो. मान हलली नाही, पण कानाची पाळी लाल झाली. एवढं लांबून मला ते दिसलं.

मी कधी उठलो मला कळलं नाही. मी म्हणालो, "कैतान, ते वाक्य माझं आहे. ते खोटं आहे. मी जळत होतो म्हणून बोललो. ते तू वापरायचं नाहीस." पुढे आणखी बोलणार होतो. बरंच बोलणार होतो, आठवडाभर पाठ केलं होतं. तेवढ्यात तू, मागे वळून न बघता, म्हणालीस, "सरपंच, सभासद नसलेल्यांनी मधे बोलायचं नाही असा नियम आहे. त्यांना खाली बसवा."

मी खाली बसलो. आयुष्यात कुणी मला इतकं नीट खाली बसवलं नव्हतं.

मग तू तांब्या उघडलास. म्हणालीस, "हे आगरवाडीच्या विहिरीचं पाणी आहे. सत्यवतीने काल पुन्हा भरून निवळत ठेवलंय. निवळूनही एवढंच झालंय, खारटपणा तर जातच नाही. तिथल्या बायका हे पितात, पोरांना पाजतात, यात डाळ शिजत नाही, आणि तिथेच जरा वरच्या अंगाला खणलं तर गोडं पाणी लागेल. आपल्या वाडीत घरटी विहीर आहे आणि आपल्याला क्रुसाजवळ आणखी एक हवी. आधी प्या, मग हात वर करा." आणि तू एकेका सभासदापुढे पेला ठेवलास.

सरपंचांनी घोट घेतला आणि लोकांसमोर थुंकता येईना म्हणून गिळला. कैतानने पेल्याला हात लावला नाही. आणि बर्नार्ड पूर्ण पेला प्यायला, तोंड वाकडं न करता. मला वाटलं, झालं, आता हा तुझ्या बाजूने हात वर करणार, आणि गाव पुन्हा हसणार, आणि मीच त्यांना हसायला शिकवलंय.

त्याने क्रुसाच्या बाजूने हात वर केला.

इनेझ, मी गधा आहे. इतके दिवस तो फाटकापर्यंत तुझ्याशी भांडत येत होता. ओट्यावर बसून माझा बिनसाखरेचा चहा पीत होता तो तुला पटवायला, वटारला आला तिथेही राजीनाम्याचं बोलून झाल्यावर तेच. आणि शेवटी तुझ्या विरुद्ध मत देऊन तुझ्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली, आणि तूही हलवलीस. दोन्ही बाजूंना सारखे हात झाले, निकाल सरपंचांच्या मतावर आला. सरपंचांनी तोंड पुसलं आणि आगरवाडी म्हटलं. सत्यवती तिथेच रडायला लागली. माणूस प्रामाणिक आहे, तो बर्नार्ड. हे लिहिताना मला त्रास होतोय. आणि गंमत बघ, त्याने तुझ्या विरुद्ध हात वर केला याचा मला इतका राग आला की बाहेर पडल्यावर त्याला जाब विचारावा असं मनात आलं.

तू त्या रात्री पॉलिनला घेऊन घरी आलीस. मी कुलूप लावलं नव्हतं, पण तू दार वाजवलंस. आपल्याच घराचं. ते मला लागलं. तेव्हापासून तू जेवण वाढतेस, टोपी हातात देतेस, सगळं पहिल्यासारखं आहे आणि तू माझ्याशी बोलत नाहीस. "आंघोळीचं पाणी तापलंय," "पॉलिनची फी भरायचीय," एवढंच. काल मी विचारलं, "चहात साखर घालू?" तर तू म्हणालीस, "नको." मला आधीच ठाऊक होतं, तरी विचारलं, तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि ओट्यावर माणसं येत राहतात. विहीर मिळाल्यापासून तर रांगच लागली. कुणाला गटार, कुणाला रस्ता, कुणाचा शेजाऱ्याशी बांधावरून तंटा. तू त्यांना सांगितलंस की रोज उठून यायचं नाही, रविवारी मिसा झाल्यावर यायचं, ओट्यावर रांगेने बसायचं, एकेकाला आत बोलावीन. मी मागच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो तेव्हा ऐकलं. तू त्यांना किती नीट विचारतेस! "बोला, काय काम आहे? अगदी सुरुवातीपासून सांगा." आणि मग मधे न तोडता ऐकतेस. म्हातारा माणूस तीच गोष्ट दोनदा सांगतो तरी ऐकतेस. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. तुझ्यासमोरच्या त्या स्टुलाचा हेवा वाटला, आता बोल.

मला तू परत हवी आहेस. नुसती घरात नाही. इतकं सरळ मी लग्नाआधीही कधी लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा फादरनी जमवलं होतं आणि लिहायची गरज पडली नाही. मला तुझ्याशी बोलायचंय आणि कसं सुरू करायचं ते मला येत नाही. घरात मी तोंड उघडलं की हुकूमच निघतो.

म्हणून येत्या रविवारी मी मिसा आटोपून सरळ घरी येईन आणि ओट्यावर सगळ्यांबरोबर रांगेत बसेन. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. गटारही नको, रस्ताही नको. माझी पाळी आली की मला आत बोलाव, स्टुलावर बसव, आणि त्यांना विचारतेस तसंच विचार, काय काम आहे म्हणून. मी अगदी सुरुवातीपासून सांगेन.

रांग मोडायची नाही हा तुझा नियम मला ठाऊक आहे, आणि नियम मोडणाऱ्याला तू काय करतेस तेही मी शनिवारी बघितलंय. आत्या पुढे असली तरी चालेल, कैतान असला तरी मी थांबेन. पण बर्नार्ड माझ्या आधी येऊन बसला असला, तर इनेझ, तेवढं एकदा, पहिला मला बोलाव.

तुझा
फेबियन